दुसऱ्या खोलीतलं थोपटणं

१

भिंगाच्या घरात मुलं सुटी मिळत नसत. तीन बाळंतपणं झाली आणि तिन्ही वेळा जोडी. पहिल्या वेळी लोकांनी कौतुक केलं, दुसऱ्या वेळी लोक हसले, आणि तिसऱ्या वेळी सोनोग्राफीवाल्या डॉक्टरीणबाई पडद्याकडे बघून आधी स्वतः घोटभर पाणी प्यायल्या आणि मगच बोलल्या. बायको तपासणीच्या टेबलावर पडल्यापडल्या म्हणाली होती, "आमच्याकडे किरकोळ विक्री बंद आहे, बाई. सगळा ठोक व्यवहार."

बायको बस चालवायची. तीही साधी नव्हे, मधे रबरी भाता असलेली लांबलचक जोडबस. भिंग चष्म्याच्या काचा घासण्याच्या कार्यशाळेत होता. केसाएवढा फरकही त्याच्या नजरेतून सुटत नसे, म्हणून तिथल्या लोकांनी त्याचं नाव भिंग ठेवलं आणि बायकोनेही तेच उचललं. धाकट्या दोघी झाल्यावर कुणीतरी घरी थांबणं भागच होतं. बायको म्हणाली, "मला एका वेळी शंभर माणसं सांभाळायची सवय आहे. पण ती निदान आपापल्या थांब्यावर उतरतात." म्हणून भिंग घरी राहिला.

मोठ्या दोघी, मैना आणि साळू, सहा वर्षांच्या. शाळेत जायच्या. मधले दोघे, भुंगा आणि भोवरा, चार वर्षांचे. भुंगा उजवा, भोवरा डावरा, त्यामुळे जेवताना दोघांची कोपरं एकमेकांवर आपटायची आणि रोज त्यावरून मारामारी व्हायची. धाकट्या दोघी आठ महिन्यांच्या. जन्मली तेव्हा एक जरा कमी वजनाची होती, ती छटाक. दुसरी पावशेर. पुढे छटाकीने पावशेरीला वजनात केव्हाच मागे टाकलं, पण नावं चिकटली ती चिकटली.

या दोघी इतक्या सारख्या होत्या की त्यांच्या सख्ख्या आईचाही घोटाळा व्हायचा. तिने छटाकीच्या डाव्या पायाच्या अंगठ्याला लाल नेलपॉलिश लावून ठेवलं होतं. भिंगाला त्याची गरज पडत नसे. पावशेरीची डावी भुवई उजवीपेक्षा गव्हाच्या दाण्याएवढी वर होती. एवढं त्याला पुरायचं.

सकाळी बायको बस काढायला निघून जाई. मग दोघींच्या वेण्या, चार डबे, दोन दूधबाटल्या, एक हरवलेला मोजा, एक सापडलेला पण भलत्याचाच मोजा. शाळेची गाडी गेली की भिंग दोन्ही काखांत एकेक धाकटी घेऊन जिना चढायचा आणि मागून भुंगा-भोवरा पायऱ्या मोजत यायचे, प्रत्येक वेळी वेगळा आकडा. लोकांना त्याची कीव यायची. "कसं करता हो तुम्ही?" भिंग हसून म्हणायचा, "करतो कुठे? होतं आपोआप." खरं म्हणजे त्याला या गडबडीची चटक लागली होती. संध्याकाळी सहाही मुलं न्हाऊन, पावडर लावून एका रांगेत बसली की त्याला कार्यशाळेतल्या ट्रेमध्ये ओळीने ठेवलेल्या पुसलेल्या काचा आठवत, आणि ऊर भरून येई.

मग कांजिण्या आल्या. मोठ्या दोघींनी शाळेतून आणल्या, स्वतः बऱ्या झाल्या, शाळेतही जायला लागल्या, आणि पंधरा दिवसांनी भुंगा-भोवऱ्याच्या पोटावर एकाच सकाळी फोड उठले. डॉक्टर म्हणाले, "तान्ह्यांना वेगळ्या खोलीत ठेवा. मधे दार बंद. एका खोलीतून दुसरीत जाताना हात धुवा."

भिंग म्हणाला, "डॉक्टर, खोल्या दोन आहेत. मी एक आहे."

"मग जरा पळापळ होईल," डॉक्टर म्हणाले.

२

घराची रचना अशी होती: पुढे बैठकीची खोली, तिथून आत जाणारा अरुंद बोळ, बोळाच्या डाव्या हाताला मुलांची खोली, उजव्या हाताला स्वयंपाकघर आणि अगदी टोकाला धाकट्यांची खोली. एका दारापासून दुसऱ्या दारापर्यंत भिंगाची अकरा पावलं. पहिल्या दोन दिवसांत त्याने ती इतक्या वेळा टाकली की डोळे मिटूनही तो अचूक दाराच्या मुठीवर हात ठेवायचा.

तिसऱ्या दिवशी साडेदहाला तो भुंगा-भोवऱ्याच्या अंगाला गुलाबी लोशन लावत होता. फोड मोजून लावायचं, नाहीतर "त्याला जास्त लावलंस" म्हणून भांडण. घड्याळाकडे लक्ष गेलं आणि तो ताडकन उठला. दहाचं दूध राहिलं होतं. आणि पलीकडून रडण्याचा आवाज कसा नाही?

हात धुऊन, दोन बाटल्या भरून तो टोकाच्या खोलीत गेला. दोघी गाढ झोपल्या होत्या. पोटं टम्म. पावशेरीच्या हनुवटीखाली दुधाची ओली रेघ होती, अजून वाळलीसुद्धा नव्हती. उशाशी ढेकर काढताना खांद्यावर टाकायचा पंचा घडी करून ठेवलेला.

तो स्वयंपाकघरात परत आला. दोन बाटल्या त्याच्या हातात होत्या. आणखी दोन, मघाशी घाईत न दिसलेल्या, ओट्यावर जाळीत पालथ्या घातल्या होत्या, आणि त्यांच्या काचेवरून पाण्याचे थेंब घरंगळत होते.

दुधाच्या वेळा लिहायला भिंतीवर एक छोटा फळा होता. दूध पाजलं की त्यावर खडूने बरोबरची खूण करायची. दहाच्या पुढे खूण होती.

"वा," भिंग स्वतःशीच म्हणाला. "पाजलंसुद्धा आणि विसरलोसुद्धा."

थकलेल्या माणसाचं असंच होतं, हे त्याला ठाऊक होतं. कार्यशाळेतही जादा पाळी केली की घासलेली काच पुन्हा घासायला घेतली जायची. तो हसला. पण फळ्यासमोरून हलेना. त्याची सवयीची नजर त्या खुणेवर अडकून बसली होती. बरोबरची खूण करताना माणूस छोटी रेघ आधी ओढतो आणि लांब रेघ उजवीकडे वर नेतो. वरच्या सगळ्या खुणा तशाच होत्या. या एका खुणेची लांब रेघ डावीकडे गेली होती.

त्याने ओल्या बोटाने ती पुसली आणि पुन्हा नीट केली.

३

संध्याकाळी बायको आली. बूट काढता काढताच तिने विचारलं, "छटाकीचं नेलपॉलिश निघालं होतं ना, लावलंस का? सकाळी मी पावशेरीला छटाक समजून औषध देणार होते."

"राहिलं," भिंग म्हणाला. "आता लावतो."

"अरे, लावलंयस की!" आतून बायकोचा आवाज आला. "छान लावलंयस. पण पाय चुकला तुझा. डाव्याऐवजी उजव्या पायाला लावलंस."

भिंग आत गेला. छटाक पाय वर करून अंगठा तोंडात कोंबायच्या खटपटीत होती. उजव्या पायाच्या अंगठ्यावर लाल रंग चमकत होता. कडेला जराही उतू गेलेला नव्हता. आठ महिन्यांच्या मुलीच्या, क्षणभरही स्थिर न राहणाऱ्या अंगठ्यावर असा रंग लावायला एकाला पाय धरावा लागतो आणि दुसऱ्याला लावावा लागतो, किंवा मग हात भिंगाएवढा स्थिर लागतो.

त्याने आधी भुवया बघितल्या. छटाकच होती. मुलींची अदलाबदल झालेली नाही एवढ्यानेच त्याला इतकं हायसं वाटलं की बाकीचं विचारायचं राहूनच गेलं.

जेवताना मात्र त्याने विषय काढला. "ऐक ना, मला हल्ली आठवत नाही. काय केलं, काय नाही केलं."

"म्हणजे काही राहतं का करायचं?"

"राहत नाही. उलट झालेलं असतं."

बायकोने ताटातून मान वर केली आणि मोठ्यांदा हसली. "हा आजार मला कधी होणार रे? माझ्या डेपोत सगळ्यांना उलटा आहे." मग त्याच्या चेहऱ्याकडे बघून आवाज मऊ झाला. "तू झोप जरा दुपारचा. डोळे बघ कसे खोल गेलेत."

"दुपारी झोपू? आणि यांच्याकडे कोण बघणार?"

तिने त्याच्या ताटात वाढलं आणि विषय तिथेच संपला.

४

पाचव्या दिवशी भोवऱ्याला ताप चढला. भिंग त्याच्या उशाशी बसून कपाळावर ओली पट्टी ठेवत होता. भुंगा पलीकडच्या खाटेवर पोटावरचे फोड मोजत होता. बाहेर कडक ऊन होतं, घरात पंख्याची घरघर.

टोकाच्या खोलीतून छटाक रडायला लागली. तिचं रडणं आधी खालच्या पट्टीत सुरू व्हायचं आणि मग एकदम वर जायचं. भिंग उठायला गेला तर भोवऱ्याने त्याचा शर्ट मुठीत धरला. "जाऊ नको ना, बाबा."

"अरे, रडतेय ती."

तेवढ्यात रडणं थांबलं. आपोआप थांबलेलं रडणं हुंदके देत, कुरकुरत विझतं. हे तसं नव्हतं. कुणीतरी उचलून खांद्याला लावल्यावर थांबावं तसं ते थांबलं होतं. मग बंद दाराआडून एक आवाज यायला लागला. तीन थापा, मग जरा थांबणं. तीन थापा, मग जरा थांबणं.

भिंग सहा मुलांना याच तालावर झोपवत आला होता. बायको सलग थोपटायची. दोन्ही आज्या झोके द्यायच्या. तीन थापा आणि एक विश्रांती, ही त्याची एकट्याची रीत होती.

त्याने ओली पट्टी भोवऱ्याच्या कपाळावर तशीच सोडली. "भुंग्या, तिकडे कोण आहे?"

"तिकडे बाबा आहे," भुंगा म्हणाला, आणि बोट पोटावर तसंच ठेवून त्रासिकपणे बघायला लागला. "चुकलं ना माझं! पुन्हा एकपासून मोजायला लागणार."

"मी इथे आहे ना?"

"हो."

"मग तिकडे बाबा कसा असेल?"

चार वर्षांच्या मुलाने मोठ्या माणसाच्या अडाणीपणाला हसावं तसा भुंगा हसला. "तू इथला. तो तिकडचा."

भोवऱ्याने तापाने लाल झालेले डोळे अर्धवट उघडले. "दोघं असतात," तो समजावल्यासारखा म्हणाला. या घरात जन्मलेल्या पोराला दुसरं काय वाटणार? त्याच्या ओळखीची सगळी माणसं जोडीनेच आली होती.

भिंगाने शर्ट सोडवून घेतला. बोळात आला. एक, दोन, तीन पावलं. थापा चालू होत्या. सात, आठ. नवव्या पावलाला त्या थांबल्या. त्याने मुठीवर हात ठेवला. पितळी मूठ कोमट होती.

आत दोघी झोपल्या होत्या. खिडकी बंद, पडदा ओढलेला. खोलीत दुसरं कुणी नव्हतं, आणि लपायला जागाही नव्हती. कोपऱ्यातल्या बिनहाताच्या खुर्चीची गादी मधे दबलेली होती आणि भिंगाच्या डोळ्यांदेखत हळूहळू वर येत होती, कुणीतरी नुकतंच उठून गेल्यासारखी.

५

यानंतर माणूस काय करतो? आरडाओरडा करतो, बायकोला बोलावून घेतो, मुलं उचलून घराबाहेर पडतो. भिंगाने यातलं सगळं करायचं ठरवलं होतं. पण सहा मुलांच्या घरात ठरवलेलं करायला सवड लागते, आणि त्या दुपारी भोवऱ्याला उलटी झाली, मग मोठ्या दोघी शाळेतून आल्या, मग कपडे.

कपडे वाळत घालायला तो गॅलरीत गेला तर दोऱ्या भरलेल्या होत्या. खालच्या गॅलरीतून शिवणवाल्या मावशींनी मान वर केली. त्या लोकांचे कपडे शिवायच्या आणि तोंडात टाचण्या धरून बोलायच्या. त्यांना लहानपणी कांजिण्या झालेल्या नव्हत्या, त्यामुळे हल्ली त्यांची सगळी मदत गॅलरीतूनच असायची.

"काय हो, रागावलात का माझ्यावर?" त्या म्हणाल्या. "मघाशी एवढ्या हाका मारल्या. कपडे वाळत घालत होतात इथे. ढुंकून नाही बघितलंत."

"किती वाजता, मावशी?"

"तीन-सव्वातीन."

तीनला भिंग न्हाणीघरात भोवऱ्याला पुसत होता. "लक्ष नसेल माझं," तो म्हणाला.

"लक्ष होतं की. गाणं गुणगुणत होतात. आवाज गोड आहे हो तुमचा." मावशींनी टाचणी काढून कापडात खोचली. "एक सांगू? बरं वाटलं बघून. रोज धापा टाकत असता. आज निवांत दिसलात."

भिंगाने दोरीवरचा झबल्यांचा जोड चाचपला. चिमटे एकसारख्या अंतरावर लावले होते. त्यालाही इतकं नीट कधी जमलं नव्हतं.

आणि मग, सांगायला जरा लाज वाटते, पण त्याला सवय झाली. भीती म्हणावी तर ती होती. बोळातून जाताना तो अजूनही मोठ्यांदा खाकरायचा, म्हणजे आत कुणी असेल तर त्याला उठून जायला वेळ मिळावा. पण सातव्या दिवशी भोवऱ्याच्या उशाशी बसल्याबसल्या त्याचा डोळा लागला आणि चाळीस मिनिटांनी जाग आली, तेव्हा घर सुरळीत चालू होतं. महिनोन्‌महिने त्याने सलग चाळीस मिनिटं झोप घेतली नव्हती. आठव्या दिवशी तो गरम चहा गरम असतानाच प्यायला. नवव्या दिवशी भोवऱ्याचा ताप उतरला आणि भिंग त्याच्याबरोबर जमिनीवर पालथा पडून लाकडी ठोकळ्यांचा पूल बांधत बसला. पूर्ण दीड तास, कुठेही न धावता. पोरं किती हसत होती! त्यालाही आपण किती दिवसांनी हसतोय असं वाटलं.

मुलांना कसलाही त्रास नव्हता. हे त्याने भिंगासारखं तपासलं होतं. अंगावर ओरखडा नाही, डोळ्यांत धास्ती नाही, दोघींची वजनं वाढलेली. रोज सकाळी तो स्वतःला बजावायचा की आज बायकोला सगळं सांगायचं. रोज संध्याकाळी बायको म्हणायची, "चेहरा भरलाय रे तुझा," आणि तो म्हणायचा, "जमायला लागलंय आता."

एकच गोष्ट त्याला टोचायची. छटाकीला तो उचलून घ्यायचा तेव्हा ती त्याच्या तोंडाकडे नीट निरखून बघायची. आधी कधी बघत नसे. बराच वेळ बघायची, आणि मगच हसायची.

६

अकराव्या दिवशी बाराच्या सुमाराला शाळेतून फोन आला. बाईंचा आवाज कापत होता. मैना खेळाच्या शिडीवरून पडली होती. हात वाकडा दिसतोय, तिला जवळच्या दवाखान्यात नेतोय, साळू तिला सोडायला तयार नाही. तुम्ही ताबडतोब या, पालकांच्या सहीशिवाय ते काही करणार नाहीत. मागून मैनेचं किंचाळणं ऐकू येत होतं.

भिंगाने बायकोला फोन लावला. ती बस चालवताना फोन बंद ठेवायची. त्याने निरोप ठेवला. गॅलरीत जाऊन मावशींना हाका मारल्या. त्यांच्या गॅलरीचं दार बंद होतं, शिलाई पोचवायला गेल्या असणार. समोरच्या घरात आजोबा होते, ते स्वतःच आजारी. अंगभर खपल्या असलेली दोन पोरं आणि दोन तान्ह्या घेऊन गर्दीच्या दवाखान्यात शिरणं शक्य नव्हतं. चौघांना एकटं टाकून जाणं तर त्याहून शक्य नव्हतं.

तो बैठकीच्या खोलीत पायात एक चप्पल घालून उभा राहिला. एक पाय उंबऱ्याबाहेर, एक आत. फोन पुन्हा वाजला. "निघालात ना?" बाईंनी विचारलं. मागे मैना "बाबा, बाबा" करत होती.

"निघतोय," भिंग म्हणाला, आणि हलला नाही.

बोळाच्या टोकाला दार करकरलं. भुंगा-भोवरा त्यांच्या खोलीत होते. त्यांचा आवाज डावीकडून येत होता. टोकाचं दार चार बोटं उघडलं होतं. आत पडद्यातून झिरपलेला पिवळट उजेड. त्या फटीतून त्याला खुर्ची दिसली. खुर्चीत पाठमोरं कुणीतरी बसलं होतं. दोन्ही खांद्यांवर एकेक धाकटी, दोन्ही पाठींवर एकेक हात. मान जराशी पुढे वाकलेली. भिंगाने स्वतःची मान मागून कधी बघितली नव्हती. तरीही ती त्याने ओळखली.

एक कान हलला. ऐकताना भिंगाचाही हलायचा.

"जा तू," खुर्चीतून आवाज आला. झोपलेल्या मुली उठू नयेत म्हणून भिंग दबक्या आवाजात बोलायचा ना, अगदी तसाच. "मी आहे."

भिंगाने तोंड उघडलं. त्याला विचारायचं होतं, तू कोण, तुला काय हवंय, माझ्या पोरींना खाली ठेव. पण पावशेर त्या खांद्यावर गाल चेपून झोपली होती, तोंड अर्धवट उघडं, लाळेचा डाग शर्टावर पसरलेला. एवढ्या निर्धास्तपणे ती फक्त एकाच माणसाच्या खांद्यावर झोपते, हे त्याला माहीत होतं.

त्याने दुसरी चप्पल पायात घातली. दार ओढून घेतलं आणि जिना धावत उतरला.

७

तो टॅक्सीत बसला. मी काय केलं, मी काय केलं, एवढंच डोक्यात. दोनदा त्याने ड्रायव्हरला गाडी वळवायला सांगायचं ठरवलं.

दवाखान्यात मैना स्ट्रेचरवर पांढरीफटक पडली होती. साळूने तिच्या चांगल्या हाताची बोटं घट्ट धरली होती आणि पडलेली जणू तीच होती इतकी रडत होती. भिंगाला बघताच दोघींचे चेहरे एकदम सैलावले. त्या क्षणी त्याला वाटलं, आलो ते बरं केलं. काहीही झालं तरी, आलो ते बरं केलं. त्याने सही केली, मैनेचं डोकं छातीशी धरून ठेवलं, डॉक्टरांनी हाड बसवताना तिच्या कानात काहीबाही बडबडत राहिला. प्लॅस्टर चढलं. साळूने विचारलं की मलापण घालता का, आणि सगळे हसले.

बायकोचा फोन आला. तिने आधी मैनेशी बोलून घेतलं. मग म्हणाली, "मी बदली ड्रायव्हरकडे बस देऊन येतेच. घरी कोण आहे?"

"आहे," भिंग म्हणाला.

"कोण? मावशी?"

"हो."

"अरे, पण मावशींना कांजिण्या कुठे झाल्यात?"

"डॉक्टर बोलावतायत," म्हणत त्याने फोन ठेवला. एवढ्या वर्षांत बायकोशी बोललेलं त्याचं पहिलं खोटं. मग त्याच्या लक्षात आलं, की मैना आणि साळू, ज्यांना घरातली प्रत्येक गोष्ट विचारल्याशिवाय चैन पडत नाही, त्या दोघींनी एकदाही विचारलं नव्हतं, घरी कोण आहे.

घरी पोचायला तीन वाजले. जिन्यात नेहमीसारखी शांतता. मैनेला कडेवर घेऊन, साळूला पुढे घालून तो दारापर्यंत आला आणि कान देऊन उभा राहिला. आतून भोवऱ्याचं खिदळणं ऐकू आलं. त्याचा जीव भांड्यात पडला. त्याने किल्ली घातली, फिरवली, दार ढकललं. दार हललं नाही. आतून वरची कडी लावलेली होती. ती मुलांच्या हाताला येत नसे.

साळूने बेल वाजवली.

आतलं खिदळणं थांबलं. बोळातून पावलं आली. घाईची नव्हती. भिंगाने नकळत मोजली. अकरा, आणि मग बैठकीच्या खोलीतली सहा. दाराच्या पलीकडे येऊन ती थांबली. इतक्या जवळ, की मधे फक्त लाकडाची जाडी.

"कोण?" आतून त्याचाच आवाज आला. मुलींना नुकतंच झोपवून आलेल्या, पुन्हा बेल वाजवणाऱ्याची खैर नाही अशा माणसाचा.

कोण? सोपा प्रश्न होता. त्याचं उत्तर रोज तो विचार न करता देत असे. आता ते उत्तर आतल्या माणसाकडे होतं, आणि त्याच्याकडे फक्त बाहेरची चप्पल आणि निरुपयोगी किल्ली. त्याने किल्ली कुलपातून काढून घेतली.

मैनेने त्याच्या खांद्यावरून मान उचलली.

"आम्ही आलोय, बाबा," ती दाराकडे तोंड करून म्हणाली. "कडी काढ."

कडी सरकली. दार बोटभर उघडलं आणि पावलं पुन्हा आत गेली, तशीच, न घाई करता. भिंगाने खांद्याने दार ढकललं. बैठकीच्या खोलीत भुंगा-भोवरा चटईवर बसून केळं खात होते, दोघांच्या अंगाला ताजं लोशन, दोघांना सारखंच. टोकाचं दार उघडं होतं आणि छटाक-पावशेर झोपल्या होत्या, तोंडं एकमेकींकडे करून. घर फक्त घरासारखं होतं. कुठे काही सांडलेलं नाही, कुणी रडत नाही.

त्याने मैनेला सोफ्यावर आडवं केलं, हाताखाली उशी दिली. भुंगा-भोवरा प्लॅस्टरवर टकटक करून बघायला धावले. साळू तिच्या पायाशी बसली. भिंग त्यांच्या मधे बसला, आणि बसल्यावर त्याला कळलं की आपण किती दमलोय. भोवरा त्याच्या मांडीवर चढला. दुपारचं ऊन फरशीवर आलं होतं. पोरं एकमेकांच्या अंगावर लोळत होती, आणि त्याच्या मनात आलं, की हे सुख आहे. हेच.

स्वयंपाकघरात नळ चालू झाला. बाटल्या धुतल्याचा आवाज यायला लागला, काचेवर ब्रशची खरखर. मुलांनी तिकडे बघितलंसुद्धा नाही. बायको अर्ध्या तासात पोचणार होती. तिला काय सांगायचं, याचा भिंगाने जरा वेळ विचार केला. मग तो विचार त्याने सोडून दिला, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा बोळाच्या दिशेने तोंड करून, रोजच्या आवाजात बोलला.

"राहू दे आता ते. दमला असशील. बस जरा."

नळ बंद झाला.

मग पंच्याला हात पुसल्याचा आवाज, आणि पावलं बोळातून बैठकीच्या खोलीकडे यायला लागली. भिंगाने मान वळवली नाही. त्याने भोवऱ्याला जरा उचलून दुसऱ्या मांडीवर घेतलं, आणि सोफ्यावर थोडा सरकून बसला.